परराज्यातला गुन्हा घरच्या परवान्यापर्यंत पोहोचतो का?

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या रँडॉल्फ या डोंगराळ गावाजवळ २१ जून २०१९ रोजी ट्रेलर ओढणारा एक पिकअप ट्रक आणि समोरून येणारा मोटारसायकलस्वारांचा गट यांच्यात भीषण धडक झाली. स्वारांमध्ये मरीन दलातील माजी सैनिक आणि त्यांचे जोडीदार होते. त्यातील सात जणांचा मृत्यू झाला. ट्रकचालक शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्याचा रहिवासी होता आणि त्याच्याकडे त्याच राज्याचा व्यावसायिक वाहन परवाना होता. चौकशी सुरू झाल्यावर एक साधा प्रश्न पुढे आला. त्या दिवशी हा परवाना वैध असायला हवा होता का?

उत्तर ‘नाही’ असे निघाले. अपघाताच्या सहा आठवडे आधी, ११ मे रोजी, याच चालकाला कनेक्टिकट या तिसऱ्या राज्यात नशेत वाहन चालवल्याच्या आरोपाखाली अटक झाली होती आणि त्याने रासायनिक चाचणी देण्यास नकार दिला होता. अशा नकारानंतर घरच्या राज्याने परवाना थांबवणे अपेक्षित होते. कनेक्टिकटकडून सूचना गेलीही होती. मात्र मॅसॅच्युसेट्सच्या परवाना खात्यात ती कर्मचाऱ्याने तपासायच्या नोंदींच्या रांगेत पडून राहिली. पुढील तपासात इतर राज्यांकडून टपालाने आलेल्या अशा हजारो सूचना खोक्यांत भरून ठेवलेल्या सापडल्या. त्या कोणी उघडून पाहिल्याच नव्हत्या. खात्याच्या प्रमुखांनी काही दिवसांतच राजीनामा दिला. खोकी रिकामी करून नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा हजाराहून अधिक चालकांचे परवाने स्थगित करावे लागले.

खटला वेगळा, परवाना वेगळा

या प्रकरणाचा शेवट अनेकांना गोंधळात टाकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये ज्यूरीने त्या चालकाला निर्दोष ठरवले. नशेशी संबंधित आरोप न्यायाधीशांनी खटल्यादरम्यानच वगळले होते. मग परवाना थांबवायला हवा होता, असे म्हणण्याला अर्थ काय?

येथेच या विषयाची कळीची गोष्ट आहे. फौजदारी न्यायालय ‘अमुक माणूस दोषी आहे का’ हे ठरवते आणि त्यासाठी संशयापलीकडचा पुरावा मागते. परवाना खात्यापुढचा प्रश्न ‘या माणसाने उद्या रस्त्यावर वाहन न्यावे का’ असा असतो. तो सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नांच्या जातीचा आहे. एखाद्या विहिरीचे पाणी दूषित असल्याचा सबळ संशय असेल, तर ते कोणी दूषित केले याचा निकाल लागेपर्यंत गावाला ते पाणी पाजत राहत नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही हा फरक मान्य केला आहे. योग्य प्रक्रियेशिवाय परवाना काढून घेता येणार नाही, असे या न्यायालयाने १९७१ मध्ये जॉर्जियातील ‘बेल विरुद्ध बर्सन’ प्रकरणात सांगितले. परंतु १९७९ मध्ये ‘मॅकी विरुद्ध मॉन्ट्रिम’ प्रकरणात श्वास चाचणी नाकारणाऱ्याचा परवाना तातडीने थांबवून सुनावणी नंतर देण्याची पद्धत न्यायालयाने वैध ठरवली. योगायोग असा की, ते प्रकरण मॅसॅच्युसेट्सचेच होते. म्हणजे अधिकार होता, कायदा होता, न्यायालयाची मान्यता होती. कमी पडला तो सूचना उघडून पाहणारा हात.

पन्नास राज्ये, पन्नास परवाने

अमेरिकेत वाहन परवाना केंद्र सरकार देत नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, दंड वेगळे, दंडगुणांची पद्धत वेगळी. मोटारी मात्र राज्यांच्या सीमा मानत नाहीत. गेल्या शतकाच्या मध्यावर महामार्गांचे जाळे पसरू लागले, तेव्हा एका राज्यात परवाना रद्द झालेला चालक शेजारच्या राज्यात जाऊन नवा परवाना सहज मिळवत असे. ट्रकचालकांच्या खिशात तर तीन-चार राज्यांचे परवाने असत. पोलिसांनी पकडले की, ज्या परवान्यावर कमी डाग असतील तो दाखवायचा, असा प्रकार चाले.

वाहतूक सुरक्षेसाठी राज्यांनी आपसात करार करावेत, यासाठी अमेरिकी काँग्रेसने १९५८ मध्ये आगाऊ संमती दिली. त्यातून १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट’ हा आंतरराज्य करार आकाराला आला. एक चालक, एक परवाना, एक नोंद, हे त्याचे सूत्र. हळूहळू ४५ राज्ये आणि वॉशिंग्टन डीसी त्यात आले. जॉर्जिया, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, टेनेसी आणि विस्कॉन्सिन ही पाच राज्ये बाहेर राहिली. बाहेर असणे म्हणजे माहितीची देवाणघेवाण बंद, असा अर्थ नव्हे. ही राज्येही स्वतःच्या कायद्यांनुसार परराज्यातील गुन्ह्यांची दखल घेतात. मात्र सर्वांना सारखा बांधणारा धागा तेथे नाही.

करार नेमके काय सांगतो?

ज्या राज्यात गुन्हा सिद्ध झाला, त्याने ती माहिती चालकाच्या घरच्या राज्याला कळवायची, हा कराराचा पहिला भाग. वाहन उभे करण्याबाबतच्या किरकोळ चुका यात येत नाहीत. वाहन चालवतानाचे उल्लंघन येते.

दुसरा भाग अधिक कडक आहे. चार गंभीर गुन्ह्यांच्या बाबतीत घरच्या राज्याने तो गुन्हा जणू आपल्याच हद्दीत घडला असे समजून कारवाई करायची. वाहनाने घडवलेला मनुष्यवध, दारू किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली वाहन चालवणे, वाहनाचा वापर करून केलेला गंभीर फौजदारी गुन्हा आणि माणूस जखमी किंवा मृत झाला असताना मदत न करता पळून जाणे, हे ते चार गुन्हे. त्यामुळे न्यू जर्सीचा रहिवासी फ्लोरिडात सुटीवर असताना नशेत गाडी चालवताना पकडला गेला आणि दोषी ठरला, तर फ्लोरिडात तो पुन्हा कधी पाऊलही ठेवणार नसला, तरी त्याचा न्यू जर्सीतील परवाना जातो.

बाकीच्या उल्लंघनांबाबत मात्र प्रत्येक राज्याला मोकळीक आहे आणि गंमत तेथेच सुरू होते. न्यू जर्सी परराज्यातील वाहतूक उल्लंघनासाठी सरसकट दोन दंडगुण लावते. १२ गुण झाले की परवाना धोक्यात येतो. हडसन नदीपलीकडचे न्यू यॉर्क मात्र परराज्यातील सामान्य उल्लंघनांसाठी गुणच लावत नाही. त्याला अपवाद कॅनडातील ओंटारियो आणि क्विबेक या दोन प्रांतांचा. म्हणजे न्यू यॉर्कच्या चालकाला शेजारच्या अमेरिकी राज्यातील वेगमर्यादा मोडल्याचे गुण लागत नाहीत, पण टोरंटोतल्या चुकीचे लागतात.

आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत वाहतूक दंडाची पावती मुकाट्याने भरून टाकणे हे बहुतेक ठिकाणी गुन्हा कबूल केल्यासारखेच असते. कराराच्या व्याख्येनुसार जामिनाची रक्कम जप्त होऊ देणे हीसुद्धा दोषसिद्धीच. ‘पैसे भरले, विषय संपला’ असे मानणाऱ्याची नोंद तेव्हा कुठे घराकडे निघालेली असते.

पावती फाडून घरी निघून गेले तर?

परराज्यातील चालकाला पकडले की, तो पुन्हा न्यायालयात येईल याची हमी काय, ही पोलिसांची जुनी अडचण. पूर्वी अशा चालकाला थेट दंडाधिकाऱ्यापुढे नेत, रोख जामीन मागत, पैसे नसतील तर कोठडीत बसवत. १९७७ च्या ‘नॉनरेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट’ या दुसऱ्या करारामुळे यातून वाट निघाली. चालकाने हजर राहण्याच्या हमीवर सही करायची आणि पुढे जायचे. त्याने शब्द पाळला नाही तर त्याचे घरचे राज्य परवाना स्थगित करते आणि परराज्यातील प्रकरण मिटेपर्यंत ती स्थगिती उठत नाही. कॅलिफोर्नियासह काही राज्ये या करारात नाहीत, पण बहुतेक आहेत.

तिसरा दुवा केंद्राचा आहे. १९६० च्या कायद्याने ‘नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर’ सुरू झाले. त्यात चालकाचा पूर्ण इतिहास नसतो. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत जसा फक्त पान क्रमांक असतो, तसे येथे फक्त नाव, जन्मतारीख आणि ‘या व्यक्तीबाबत अमुक राज्याकडे विचारा’ एवढा निर्देश असतो. कोणी नवा परवाना मागितला की, राज्याने आधी ही सूची चाळायची. एखाद्या राज्यात परवाना स्थगित असेल तर दुसरे राज्य तो सहसा देत नाही. ही सूची केवळ मोटारींपुरती नाही. अमेरिकेची हवाई वाहतूक नियामक संस्था वैमानिकांच्या नोंदीही येथे तपासते. नशेत मोटार चालवल्याबद्दल कारवाई झालेल्या वैमानिकाने ती गोष्ट ६० दिवसांत कळवायची असते.

ट्रक आणि बसचालकांसाठी नियम आणखी काटेकोर आहेत. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने एकाहून अधिक परवाने बाळगण्यावर बंदी आणली आणि व्यावसायिक परवान्यांची वेगळी राष्ट्रीय माहिती प्रणाली उभी केली. परराज्यातील दोषसिद्धी दहा दिवसांत घरच्या राज्याला कळवणे बंधनकारक झाले. रँडॉल्फचा धक्का म्हणूनच मोठा होता. सर्वात घट्ट विणलेल्या जाळ्यातूनच नोंद निसटली होती. ‘बॉस्टन ग्लोब’च्या पत्रकारांनी त्यानंतर देशभर शोध घेतला, तेव्हा धोकादायक चालकांची माहिती एकमेकांना कळवण्यात अनेक राज्ये कमी पडत असल्याचे दिसले. या वृत्तमालिकेला २०२१ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

शरीराला राज्याची सीमा कळत नाही

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. दारू पोटातून आणि लहान आतड्यातून रक्तात जाते, रक्तातून मेंदूत. सर्वात आधी मंदावतो तो निर्णय घेणारा आणि स्वतःला आवर घालणारा मेंदूचा भाग. म्हणून ‘मी ठीक आहे’ हा आत्मविश्वास नेमका तेव्हाच वाढतो, जेव्हा तो बाळगण्याजोगी स्थिती नसते. पाठोपाठ एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणे, हलत्या वस्तूचा माग डोळ्यांनी घेणे आणि ब्रेकपर्यंत पाय वेळेत नेणे ही कामे बिघडतात.

रक्तातील दारूचे प्रमाण जसे वाढते, तसा धोका सरळ रेषेत वाढत नाही. तो उसळी घेतो. अमेरिकेतील व्हर्जिनिया बीच येथे अपघातग्रस्त आणि अपघात न झालेल्या चालकांची तुलना करणारा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ०.०५ टक्क्याला अपघाताची शक्यता साधारण दुप्पट, ०.०८ टक्क्याला चौपट आणि ०.१५ टक्क्याला बारापट होते. यकृत मात्र आपल्या गतीनेच काम करते. तासाला साधारण ०.०१५ टक्का एवढीच दारू ते निकाली काढते. काळी कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी ही गती वाढत नाही.

अमेरिकेत २०२२ मध्ये रस्त्यांवर ४२ हजार ५१४ जणांचा मृत्यू झाला. त्यातील १३ हजार ५२४ मृत्यू अशा अपघातांत झाले, ज्यात एखाद्या तरी चालकाच्या रक्तात दारूचे प्रमाण ०.०८ टक्के किंवा जास्त होते. जवळपास दर तिसरा मृत्यू. जीवघेण्या अपघातांतील अशा मद्यधुंद चालकांच्या मागे पूर्वीची अशीच दोषसिद्धी असण्याचे प्रमाण दारू न प्यायलेल्या चालकांच्या सुमारे चौपट आढळते. म्हणजे मागची नोंद ही पुढच्या धोक्याची खूण असते. डॉक्टर जसा रुग्णाचा पूर्वेतिहास विचारतो, तसाच परवाना खात्याने चालकाचा पूर्वेतिहास पाहायचा असतो. हा इतिहास दुसऱ्या राज्याच्या कपाटात राहिला, तर निदानच चुकते.

एका राज्यात गुन्हा, दुसऱ्यात नाही

अडचण अशी की, शरीराच्या उतरंडीवर कायद्याला कोठेतरी रेघ मारावी लागते आणि ती रेघ सर्वत्र एका जागी नाही. ०.०८ टक्के ही मर्यादा २००४ पर्यंत सर्व अमेरिकी राज्यांनी स्वीकारली. तीही केंद्राने महामार्गांचा निधी रोखण्याचा इशारा दिल्यानंतर. युटा राज्याने डिसेंबर २०१८ च्या अखेरीस ती ०.०५ वर आणली. पुढच्या वर्षी तेथील जीवघेण्या अपघातांचा दर २०१६ च्या तुलनेत जवळपास २० टक्क्यांनी घटल्याचे केंद्रीय संस्थेच्या अभ्यासात दिसले. व्यावसायिक वाहनांसाठी मर्यादा ०.०४ आहे. भारतात सर्वांसाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. अमेरिकेत जी पातळी कायदेशीर ठरते, ती घेऊन पुण्यात गाडी चालवली तर तो गुन्हा आहे.

मग नेवाडाचा चालक युटात ०.०६ टक्के पातळीवर पकडला गेला, तर घरच्या राज्याने काय करावे? तेथे तर ही पातळी गुन्ह्याच्या मर्यादेखाली आहे. करार म्हणतो, दोन्ही राज्यांतील गुन्हे ‘मुख्यतः सारखे’ असले पाहिजेत. या दोन शब्दांवर न्यायालयांत बरीच वर्षे खल झाला. न्यू यॉर्कमध्ये ‘क्षमता उणावलेल्या अवस्थेत वाहन चालवणे’ असा सौम्य गुन्हा आहे. क्षमता थोडी जरी कमी झाली असली तरी तो लागू होतो. पेनसिल्व्हेनियाचा कायदा त्याहून जास्त नशा गृहीत धरत होता. त्यामुळे न्यू यॉर्कमधील या गुन्ह्यावरून आपल्या रहिवाशाचा परवाना थांबवता येणार नाही, असे पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये म्हटले. नशेच्या प्रमाणातील फरक यापुढे आड येणार नाही, अशी दुरुस्ती राज्याच्या विधिमंडळाने तोपर्यंत करून ठेवली होती.

विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर विधिमंडळाचे म्हणणे अधिक रास्त दिसते. ०.०६ टक्क्याला चालकाची क्षमता घटते, ही गोष्ट युटात खरी आणि नेवाडात खोटी असू शकत नाही. पण कायद्याच्या बाजूचाही मुद्दा आहे. घरच्या राज्यात जे कृत्य गुन्हा नाही, त्यासाठी घरच्या राज्याने शिक्षा का द्यावी? या पेचावर सर्व राज्यांना पटेल असा तोडगा अजून निघालेला नाही.

धोका आणि थकबाकी यांची गल्लत

या यंत्रणेवर दुसऱ्या टोकाकडूनही टीका होते. परवाना स्थगितीचे हत्यार केवळ धोकादायक चालकांवरच नव्हे, तर दंड न भरलेल्यांवरही चालवले गेले. परराज्यातील एखादी पावती टपालात हरवली, घर बदलले, पैसे नव्हते, अशा कारणांनी परवाना गेलेले अनेक जण आहेत. जेथे सार्वजनिक वाहतूक जवळपास नाही, तेथे परवाना जाणे म्हणजे नोकरी जाणे. मग माणूस परवान्याशिवाय गाडी चालवतो, पुन्हा पकडला जातो, दंड वाढतो. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये केवळ दंड थकला म्हणून परवाना थांबवणे बंद केले. त्यानंतर इतरही अनेक राज्ये त्या दिशेने गेली.

हा मुद्दा सुरक्षिततेच्या विरोधातला वाटतो, पण तसा नाही. थकबाकीच्या सूचनांचा ढीग जितका मोठा, तितकी त्यात दडलेली एक खरी धोक्याची सूचना शोधणे कठीण. रुग्णालयात प्रत्येक यंत्र सतत शिट्टी वाजवू लागले, तर परिचारिकेचे कान बधिर होतात आणि खरी शिट्टीही ऐकू येत नाही. परवाना खात्यांचेही तसेच होते.

शिवाय स्थगिती म्हणजे उपचार नव्हे. परवाना गेलेले बरेच चालक तरीही गाडी चालवतातच. चालकाने फुंकर मारल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारे कुलूप गाडीत बसवले, तर ते असेपर्यंत पुन्हा नशेत पकडले जाण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशांनी घटते, असे अभ्यास सांगतात. दारूचे व्यसन असेल तर त्यावरचा उपचार ही त्यापुढची पायरी. नोंद वेळेवर घरी पोहोचणे हे या सगळ्याचे पहिले पाऊल आहे, शेवटचे नाही.

भारतीय चालकांचा संबंध कोठे?

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांना हे नियम थेट लागू होतात. त्यांच्यासाठी परवान्याबरोबर व्हिसाचाही प्रश्न येतो. नशेत वाहन चालवल्याबद्दल मागील पाच वर्षांत अटक झाली असेल, तर दोषसिद्धी नसतानाही व्हिसा रद्द करता येतो, असे धोरण अमेरिकी परराष्ट्र खात्याने २०१५ पासून अवलंबले आहे. भारतीय परवान्यावर तेथे गाडी चालवणाऱ्या पाहुण्याची नोंद या करारांद्वारे भारतात येत नाही, पण त्या राज्यात गाडी चालवण्याचा त्याचा हक्क थांबवता येतो.

भारताची रचना मुळातच वेगळी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ हा देशभर एकच आहे आणि महाराष्ट्रात मिळालेला परवाना गोव्यात किंवा कर्नाटकात तितकाच वैध असतो. परवाना थांबवण्याचा अधिकार कलम १९ नुसार परवाना प्राधिकरणाला आहे. नशेत वाहन चालवणाऱ्याला कलम १८५ नुसार पहिल्या वेळी १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्ये राज्यांना सांगितले, की मद्यपान, अतिवेग, सिग्नल तोडणे, वाहन चालवताना मोबाइल वापरणे अशा उल्लंघनांसाठी परवाना किमान तीन महिने स्थगित करावा. २०१९ च्या दुरुस्तीने पोलिसांना अशा गुन्ह्यांत परवाना ताब्यात घेऊन प्राधिकरणाकडे पाठवण्याचा अधिकार दिला आणि वाहन परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली. ‘सारथी’ या संगणक प्रणालीवर देशभरातील परवान्यांच्या नोंदी एकत्र येत गेल्या.

कागदावर पाहता अमेरिकेला जे आंतरराज्य करार करून मिळवावे लागले, ते भारताच्या हाती आयतेच आहे. उणीव दुसरीकडे आहे. रस्त्यावरचा कॅमेरा वाहनाचा क्रमांक टिपतो, चालकाचा चेहरा नाही. ई-चलन वाहनमालकाच्या नावावर निघते. मालकाने ते भरले की, प्रत्यक्ष गाडी चालवणाऱ्याचा परवाना कोरा तो कोराच राहतो. मुंबईहून गोव्याला पर्यटक नेणाऱ्या गाडीवर वर्षभरात अतिवेगाची दहा चलने निघाली, तरी ती एकाच चालकाची की पाच जणांची, हे त्या चलनांवरून कळत नाही. अमेरिकेतही कॅमेऱ्याने पकडलेल्या उल्लंघनांना न्यू यॉर्कसह अनेक ठिकाणी दंडगुण लागत नाहीत, त्यामागचे कारण हेच.

भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला. त्यातील किती अपघातांमागे असा चालक होता, ज्याला आधी कोठेतरी थांबवता आले असते, हे सांगायचे तर दंडाची नोंद वाहनाला नव्हे, चालकाला चिकटायला हवी आणि ती दुसऱ्या राज्यातील परिवहन कार्यालयाने उघडून पाहायला हवी. मॅसॅच्युसेट्सकडे संगणक होते, कायदा होता, शेजारच्या राज्याची सूचनाही वेळेत आली होती. ती सूचना वाचण्याचे काम कोणाचे, हे मात्र कोणीच ठरवले नव्हते. राष्ट्रीय नोंदवही उभी करताना भारताला पहिल्याच दिवशी हे ठरवून ठेवता येईल.